कूलरमधलं चमेलीचं तेल

आमच्या मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सगळी नोकरी कोर्टाच्या नक्कल विभागात काढली. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवत ताडून पाहायचा. एक स्वल्पविराम सुटला तरी अख्खं पान पुन्हा. निवृत्त झाले, मग सासूबाई गेल्या, आणि ते बोट रिकामं झालं. बोलायलाही कोणी उरलं नाही. म्हणून मीच त्यांना मोबाइलवर नागपूरकरांचा एक फोरम उघडून दिला. घरगुती अडचणी विचारायच्या, ज्याला ठाऊक असेल त्यानं सांगायचं. उन्हाळ्यात तिथे कूलर सोडून दुसरा विषय नसतो.

त्या फोरमवर दुसऱ्याचं म्हणणं चौकटीत उचलून खाली आपलं उत्तर लिहिता येतं. शहाणी माणसं कामापुरती ओळ ठेवतात आणि बाकीचं पुसतात. मामाजी एक अक्षर गाळत नसत. कोणी नुसतं 'धन्यवाद' लिहिलं, तरी त्याची पोस्ट, तिच्यातली चौकट, त्या चौकटीतली चौकट असं सगळं बिऱ्हाड उचलून खाली 'आपले धन्यवाद पोचले' असं लिहीत. त्याखाली पूर्ण नाव, 'निवृत्त' आणि घराचा पत्ता, गल्लीच्या खुणेसकट. चौकटी आत आत जाऊन इतक्या अरुंद झाल्या, की एकदा 'गवत' हा शब्द तीन ओळींत उभा राहिलेला मी पाहिला.

मीही तिथे होते, पण टोपणनावानं. सासऱ्यांच्या देखत लोकांशी भांडता येत नाही, म्हणून घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते. विदर्भभरातून पेशंट येतात. आजार सांगायच्या आधी बाई जाऊबाईचं लग्न, चुकलेली बस आणि गोठ्यातली म्हैस सांगते, आणि मी फॉर्मवर लिहिते, 'पोटदुखी, तीन दिवस'. कापाकापीत माझा हात डॉक्टरांपेक्षा बरा आहे, असा माझा समज होता.

तर त्या एप्रिलात कोणीतरी विचारलं, कूलरच्या पाण्याला वास येतो, काय करावं. मामाजींनी अकरा परिच्छेद लिहिले. दुसऱ्यात होतं, 'कोणी असेही सांगतात की कूलरच्या टाकीत दोन चमचे चमेलीचे तेल टाकावे. असे सांगणाऱ्याने ते आधी स्वतःच्या डोक्यावर घालून पाहावे.' मी डबा खाता खाता पोस्ट उघडली. लांबी पाहूनच जीव दमला. नजरेला पडली ती ओळ उचलली, बाकीचं पुसलं. चौकटीत राहिलं, 'कूलरच्या टाकीत दोन चमचे चमेलीचे तेल टाकावे', वर मामाजींचं नाव. खाली मी लिहिलं, 'काका, मुद्दा एवढाच ना?' आणि काउंटरवर जाऊन बसले. मामाजींची ती दुपारच्या झोपेची वेळ होती.

संध्याकाळपर्यंत निम्म्या फोरमनं टाकीत तेल ओतलं होतं. एकानं दोन चमच्यांनी काय होतं म्हणून वाटीभर ओतलं. मिहानमधल्या कंपनीतल्या एका इंजिनिअरनं तेल कोमट करून टाकावं अशी सुधारणा सुचवली आणि तिचे फायदेही सांगितले. तेल प्यायलेलं कूलरचं गवत पाणी धरेना. घरोघरी लू सुरू झाली, मात्र सुवासिक. मग शिव्या सुरू झाल्या, त्या माझ्या टोपणनावाला नव्हे. चौकटीवर मामाजींचं नाव होतं, त्यामुळे ते 'तेलवाले काका' झाले. त्यांनी तीनदा खुलासा लिहिला. तिन्ही वेळा मूळ अकरा परिच्छेद चौकटीत घेऊन, त्यामुळे खुलाशापर्यंत कोणी पोचलंच नाही.

तिसऱ्या दिवशी कामठीहून एक गृहस्थ शेअर ऑटोनं आले, काखेत कूलरच्या गवताची तेलकट ताटी. पत्ता मामाजींनीच तर दिला होता. मामाजींनी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि मूळ पोस्ट काढून हातात ठेवली. गृहस्थांनी बोटानं वर सारत सारत ती संपते कुठे एवढंच पाहिलं आणि फोन परत केला.

"एवढं कोण वाचते, काकाजी?" ते म्हणाले.

मग आमच्या कूलरसमोर शर्टाची बटणं सोडून उभे राहिले, आणि जाताना, तुम्ही यात कोणतं तेल टाकता, असं विचारून गेले. मला हसू आलं. मामाजी हसले नाहीत.

त्यानंतर त्यांनी फोन उघडला नाही. चहाच्या वेळी फोरमवरचं वाचून दाखवायचे, तेही बंद झालं. दोन दिवस नुसते बशीकडे बघत बसले. मग फोन माझ्यासमोर ठेवला.

"हा फोरम काढून टाक वं बाई. जन्मभर एक अक्षर इकडचं तिकडं होऊ दिलं नाही, अन् आता लोकं मले तेलवाला म्हणून राहिले."

काढून टाकलं असतं, तर माझंही पाप झाकलं गेलं असतं. बोट बटणापर्यंत गेलंसुद्धा. पण ते समोर इतके विश्वासानं बसले होते, की माझी मलाच लाज वाटली. सांगून टाकलं, ती ओळ मीच कापली.

टोपणनाव काहून घेतलं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "पूर्ण वाचून कापली होती?"

नाही म्हणाले. आधीच्या पोस्टी वाचल्या होत्या का, असं विचारल्यावर त्याही नाही म्हणाले. खोटं बोलायची ताकदच नव्हती.

त्यांनी चष्मा लावला. मला माझ्या फोनवर ती पोस्ट काढायला लावली, स्वतःच्या फोनवर तीच काढली आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. मी मोठ्यानं वाचू लागले. तेल झालं, टाकी घासणं झालं, ताट्या उन्हात वाळवणं झालं. नवव्या परिच्छेदात होतं, 'आमचे घरी कूलरमध्ये पाणी भरण्याचे काम सूनबाई पहाटे उठून करते, नंतर ड्युटीवर जाते. मी जागाच असतो. परंतु मदतीस उठल्यास ती रागावते, म्हणून झोपेचे सोंग घेऊन पडतो. घर गार आहे ते तिच्यामुळे. समोर सांगणे जमले नाही. ती या फोरमवर येत नाही, म्हणून येथे लिहितो.'

मी वाचायची थांबले. मामाजींनी मान वर केली नाही. बोट त्या ओळीखाली तसंच होतं.

"थांबू नको," ते म्हणाले. "अजून दोन आहेत."