वरकुट्याचा दुखवटा आणि विषाच्या चहाचा पिक्चर

वरकुट्याला जायची मला हौस नव्हती. हौसेनं जावं असं तिथं तेव्हा काही नव्हतंही. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. माझी धाकटी बहीण सुमन तिथं दिलेली. तिचा नवरा रात्री जेवला, चहा पिऊन झोपला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. पण तिरडी बांधता बांधताच तिचा दीर भीमराव बोलला, "वहिनीच्या हातचा चहा पिला आन् गेला." झालं! तेराव्याला भावकीतलं एकही माणूस जेवलं नाही. कुणाचं पोट दुखलं, कुणाला उपास. आमच्याकडं भावकीनं घरातलं गोड खाल्लं की दुःख संपलं. नाही खाल्लं तर त्या बाईला कुणी दारात उभं करत नाही.

घरी म्हटलं, चला. आमचे मालक म्हणाले, "ऊस तोडीला आलाय, तूच जा." मग दुखवट्याचं लुगडं पिशवीत घातलं आणि माळेगावातून एकटीच निघाले.

तुम्ही जाणार असाल तर साखरेच्या हंगामात जाऊ नका. बारामती गाठेपर्यंतच बैलगाड्यांच्या मागं जीव जातो. स्टँडवरून इंदापूरची एसटी धरा, उजवीकडं बसू नका, ऊन अंगावर येतं. निमगाव केतकीला उतरले तर बाजार भरलेला. पानमळ्यातली पानं गोणपाटावर मांडलेली. भेळ खाल्ली, बरी होती, कांदा फार. पुढं वडापची जीप. माणसं कोंबल्याशिवाय ती हलत नाही.

"मावशी, सरका की थोडं."

"कुठं सरकू, तुझ्या मांडीवर?" मी म्हटलं.

शेजारच्या बाईनं विचारलं, "वरकुट्यात कुणाकडं?" मी सांगितलं. "त्या चहावालीकडं व्हय?" असं म्हणून तिनं आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली. मला उतरून चालत जावंसं वाटलं. पण पाय दुखत होते.

सुमन काडी झाली होती. भाकरी थापली, कालवण वाढलं, आधी माझ्या ताटातला घास स्वतः खाल्ला आणि मग ताट माझ्यापुढं सरकवलं. मी म्हटलं, "ही काय थेरं?" ती म्हणाली, "सवय लागलीय अक्का."

दुसऱ्या दिवशी पुरण घातलं. जेवायला बोलावून कुणी येणार नाही हे माहीत होतं. पण तिचे चुलत सासरे सुभेदार तात्या मिलिटरीतून आलेले, डोकं चालणारं माणूस; तेराव्याला ते गावात नव्हते. म्हणाले, "जेवायला न्हाय येनार, पर व्हिडिओ म्हनलं की येतील." इंदापुरातून टीव्ही-व्हिडिओ भाड्यानं आणला, संतांच्या पिक्चरची कॅसेट आणली. गोठ्याला पोती लावून अंधार केला. दुपारी लाइट आली आणि भावकी आली. भीमरावसुद्धा आला.

कॅसेट लावली तर आत गोऱ्या बायका! दुकानदारानं कव्हर एकाचं आणि कॅसेट दुसरीच दिलेली.

"बंद करा तात्या, इंग्रजी हाय."

"ऱ्हाऊ द्या. भाडं दिलंय. मी सांगतो."

खेडंच होतं ते. चर्च, मेंढरं, चिखल. एक म्हातारी गोडगोड बोलून माणसांना चहा पाजायची आणि माणूस खुर्चीतच मान टाकायचा. मग म्हातारी गुलाबाखाली खड्डा खणायची. गावाला सगळं माहीत, पण गुलाब झकास येतात म्हणून कुणी बोलत नाही. तात्या सांगत होते, "आता ह्यो पोलीस. ह्यो बी पिनार बघा." तो पिला. गोठा हसून लोळला.

आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? आमची सुमन. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

गोठ्यातली सगळी डोकी तिच्याकडं वळली. टीव्हीतलं बोलणं तेवढं ऐकू येत होतं. मला वाटलं, संपलं, आता हिला उचलून माळेगावला न्यायची. सुमन पदरानं तोंड पुसत उठली. "च्या टाकू का समद्यांला?"

तिनं टाकला. कपबश्या समोर ठेवल्या. सगळे चहाकडं बघत बसले. मी पिऊन काय उपयोग, मी तिचीच बहीण. तात्यांनी बशीत ओतला, फुर्र करून संपवला, बशी खाली ठेवली आणि मान टाकली.

एक बाई किंचाळली. भीमराव उभा राहिला. सुमन भिंतीसारखी पांढरी.

तात्यांनी एक डोळा उघडला. "सूनबाई, साखर कमी हाय."

मी त्यांना शिवी दिली. खरोखर दिली. मग लोक असे हसले की म्हशीनं दावं ओढलं. हसता हसताच कप उचलले गेले. "पुरनाचा वास येतोय वं," कुणीतरी म्हणालं, आणि पंगत बसली. भीमरावचा कप तसाच राहिला, साय धरून. तो जेवला नाही. पण बाकीची भावकी जेवली. तेवढ्यावर भागलं.

परत येताना गाडी कारखान्यापाशी दोन तास अडकली. डोकं दुखत होतं. सुमन इतके दिवस रडली तेव्हा कुणी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही, आणि ती हसली, तात्यांनी सोंग केलं, म्हणून जेवले. ह्याला काय म्हणावं मला अजून कळत नाही. ती मात्र आजही तिथंच आहे. आता घास आधी खात नाही.

घरी आले, चूल पेटवली, मालकांना चहा दिला आणि सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. मग कप उचलला आणि पिण्याआधी एकदा आत बघितलं.

मी म्हटलं, "प्या. गार होतोय."