आप्पांच्या घासाचा तपास

आजही कुणी ताटात आग्रहाने जिलेबी वाढली, की मला खुटबावचे आप्पा आठवतात आणि हात आपोआप ताटावर आडवा जातो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण सांगताना हसू येतं अशी केस एकच, आणि तीही एका माणसाच्या जिवावर बेतलेली.

मी तेव्हा दौंड तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तोच पाटसहून एक आत्याबाई आल्या. ठाणे अंमलदाराने पुढे केलेली खुर्ची त्यांनी नाकारली आणि उभ्या उभ्याच तक्रार सांगितली. खुटबावचे आप्पा त्यांचे सख्खे भाऊ. मोठे बागायतदार, गावच्या राजकारणातला वजनदार माणूस; अंगानेही तसाच. दोन पावलं चाललं की धाप लागायची म्हणून पुण्यात त्यांचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं होतं. दोन महिन्यांत माणूस निम्मा झाला.

"सून उपाशी मारतीया त्याला," आत्याबाई म्हणाल्या. "पोराच्या वाटीत भात देती, साहेब. एवढ्याशा वाटीत. आन् ते बी त्याला पचंना, वकतोय सारखा. काहीतरी कालवती ती त्यात. माझा भाऊ गेला तर मी तुमच्या दारात बसंन."

अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली. वृद्धाला उपाशी ठेवणं आणि विषाचा संशय, दोन्ही गंभीर. महिला पोलिसासमोर सुनेचा जबाब घेतला. पदवीपर्यंत शिकलेली, मोजकं बोलणारी मुलगी. रडली नाही, चिडलीही नाही.

"पुण्याच्या डॉक्टरांनी जेवढं सांगितलंय तेवढंच देते. तरी उलटी होतीया. का होतीया तेच कळंना. आता आप्पांना चालताना भिंत धरावी लागतीया," ती म्हणाली. "साहेब, मला आत टाका हवं तर. पण आधी त्यांना चांगला डॉक्टर बघा."

आरोपी स्वतःचं सोडून फिर्यादीच्या भावाची काळजी करायला लागला, की तपास अधिकाऱ्याने कान टवकारावेत.

दूध संकलन केंद्रावर आमचा एक खबरी होता. त्याला विचारलं, तर तो तोंडावर उपरणं धरून हसला. "सुनंकडं काय बघताय साहेब? आप्पांच्या पडवीत जाऊन बसा. तिथं सकाळपास्नं पंगत चालू हाय."

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यात, हातात केळी घेऊन मी पडवीत जाऊन बसलो. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. सोसायटीचे संचालक शिरा घेऊन आले. मागच्या आळीतली म्हातारी पुरणपोळी घेऊन आली. विरोधी पार्टीचा माणूससुद्धा बासुंदीचा डबा घेऊन आला. प्रत्येक जण आप्पांच्या तोंडाशी हात नेऊन म्हणे, "दोनच घास, माझ्या नावाचे." आणि आप्पा खात. मग काठी टेकत, भिंत चाचपत गोठ्यामागे उलटीला जात. सून बिचारी तेव्हा मळ्यात नाहीतर चुलीपाशी. तिच्या वाटीवर गावाचा डोळा, आणि गावाच्या डब्यांवर कुणाचाच नाही.

आप्पांना बाजूला घेऊन मी कसून चौकशी केली. कोण कोण चारतं? एक नाव फुटेल तर शपथ.

"साहेब, राजकारणात हयात गेली," ते म्हणाले. "मत देणाऱ्याच्या हातचा घास माघारी धाडायचा नसतो. कुणाकुणाला न्हाई म्हणू?"

विषप्रयोग उलगडला, पण माणूस खंगत चालला होता ते खरंच. पाय बधिर झालेत म्हणाले, समोरचं एकाचं दोन दिसतं म्हणाले. पुण्याला दाखवायला का नेलं नाही विचारलं, तर शिक्रापूरला 'वजनाच्या ऑपरेशननंतरची खास काळजी' अशी पाटी लावलेला डॉक्टर सापडला होता. आप्पांचा मुलगा तिथल्याच एका कंपनीत कामाला, त्याला कुणीतरी सुचवलेला. हायवेचं ट्रॅफिक तुडवत पुण्याला कशाला जा?

"चला, मीही येतो. तुमचा मावसभाऊ म्हणून," मी म्हणालो.

आता पोलिसाचा एक आडाखा सांगतो. खरा साक्षीदार अडखळतो, आठवून सांगतो, "ते मी बघितलं नाही" म्हणतो. पढवलेल्या साक्षीदाराकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं. शिक्रापूरचा हा गृहस्थ माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर देत होता. ऑपरेशन कोणतं झालं ते विचारलं नाही. कागद मागितले नाहीत. पेशंट काय खातो, उलटी कधीपासून, काही नाही. "अशक्तपणा आहे. ग्लुकोज चढवू, उसाचा रस चालू करा, पंधरा दिवसांत पळायला लागतील." आणि सलाईनची बाटली टांगायला उठलासुद्धा.

"बाटली राहू द्या. तेवढं नोंदणी प्रमाणपत्र दाखवा," मी ओळखपत्र काढून म्हणालो.

पहिल्यांदाच तो अडखळला. प्रमाणपत्र नव्हतंच. हद्द दुसऱ्या ठाण्याची, म्हणून त्यांना आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवलं. पुढची कारवाई रीतसर झाली.

पण माझ्या गाडीत बसलेल्या आप्पांचं काय? ते सारखे म्हणत होते, "आता कोणावर इस्वास ठेवायचा, साहेब?" आवाज पार बारीक झाला होता. खरं सांगतो, मला भीती वाटली. गाडीतूनच मी दौंडच्या डॉक्टरांना एकामागून एक फोन लावले. एक म्हणाले, आणा, ताकदीचं इंजेक्शन देऊ. दुसरे म्हणाले, उद्या बघू. तिसऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अशा ऑपरेशनचे पेशंट मी थोडेच पाहिलेत. सगळं मला माहीत नाही. पण पुण्याचे कागद घेऊन आत्ता या. वाटेत ग्लुकोज कुणाला लावू देऊ नका."

'सगळं मला माहीत नाही.' सापडला माझा खरा साक्षीदार. ड्रायव्हरला म्हटलं, दाब.

वाटेतूनच घरी फोन केला होता, त्यामुळे सून कागदांची पिशवी घेऊन परस्पर दौंडला पोचली होती. बाईंनी एकेक कागद वाचला, आप्पांचे डोळे पाहिले, पाय पाहिले आणि आमच्यासमोर पुण्याच्या सर्जनना फोन लावला. सततच्या उलट्यांनी अंगातलं एक जीवनसत्त्व संपत आलं होतं. आधी त्याचंच इंजेक्शन दिलं. "ते न देता नुसतं ग्लुकोज चढलं असतं, तर मेंदूवर बेतलं असतं," त्या म्हणाल्या. मग आप्पांकडे वळून साध्या आवाजात विचारलं, "आप्पा, घरच्या वाटीशिवाय कोण कोण भरवतं?"

आणि आप्पांनी घडाघडा नावं घेतली. मला एक नाव न देणारा गडी! बाईंच्या रूपाने आमच्या खात्याने एक चांगला फौजदार गमावला. त्या यादीत शेवटचं नाव होतं आत्याबाईंचं. दर बाजाराच्या दिवशी साजूक तुपातला लाडू, पदराआड.

बाईंनी आप्पांना त्याच दिवशी पुण्याला पाठवलं. "जे माझ्या हातातलं नाही ते मी ठेवून घेणार नाही. तिथून आले की महिन्याच्या तपासण्या माझ्याकडे." आठवड्याभरात आप्पा स्वतःच्या पायाने घरी आले. तिथून पुढे दौंडच्या त्या दवाखान्याच्या पायऱ्या सासरा-सुनेने कधी चुकवल्या नाहीत.

आत्याबाई ठाण्यात आल्या त्या पदर तोंडाला लावून. "साहेब, जबाब बदलायचाय. भावाला मीच चारत व्हते वो. मायेनं चारत व्हते." मी म्हणालो, मायेला कलम नाही, घरी जा. त्या घरी गेल्या नाहीत. खुटबावला जाऊन पडवीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. संचालकांचा शिरा माघारी, म्हातारीची पोळी माघारी, बासुंदीवाल्याला तर पायरीच चढू दिली नाही. असा चोख बंदोबस्त मी माझ्या शिपायांकडूनही करवून घेऊ शकलो नाही.

या केसने मला शिकवलं ते थोडक्यात सांगतो. डॉक्टर बघताना पाटी बघू नका. तो किती विचारतो, कागद वाचतो का, आणि 'माहीत नाही' म्हणायला लाजतो का, ते बघा. आणि घरात जो तुम्हाला 'हे खाऊ नका' म्हणतो, त्याच्यावर पहिला संशय घेऊ नका.

पुढे मी निवृत्त झालो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत खुटबावला सहज चक्कर मारली, तर आप्पा ताठ चालत समोर आले आणि कुणीतरी पुढे केलेल्या चहाला नाही म्हणाले. अगदी मोकळेपणाने, हात जोडून. उमेदवार ते नव्हते, सून होती. आणि आत्याबाई पाटसहून येऊन, भर उन्हात, घरोघर हात जोडत फिरत होत्या:

"बाई, माझ्या भावाला जिनं उपाशी ठेवलं ना, तिलाच मत दे."