जनान्यातली घंटी

सगळ्यात आधी नाव लिहिते उस्मानभाई ड्रायव्हरचं. जालना ते जाफराबाद सर्व्हिस मोटर चालवायचे. माझी धाकटी बहीण गया आज हिंडती-फिरती आहे ती त्यांच्यामुळं. म्हणून पहिलं नाव त्यांचं, बाकी सगळं मागून.

माझी शाळा चौथीतच सुटली. लिहायचा सराव न्हाई, चुकलं-माकलं सांभाळून घ्यावं. आमच्या ह्यांच्या नोकरीपायी मी आता हैदराबादला राहाते आणि गावाकडं कोण कसं असंल, हाच घोर सदा जिवाला. भुताखेतावर माझा विश्वास कधीच नव्हता. अंगात आलेल्या बाईसमोरून सुद्धा मी घागर घेऊन सरळ निघून जायची. तरी हे लिहून राह्यले... कारण झालं ते माझ्यासोबत झालं, ऐकीव न्हाई.

जर्मनच्या लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटरी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मोटरीच्या पाठीला उंच भट्टी बांधलेली, तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्या गॅसवर इंजन चालायचं. भट्टी मागं — आणि तिला लागूनच जनाना, म्हंजे बायांची बसायची जागा! पुढं ड्रायव्हरपाशी गादीची सीट, ती अंमलदाराला, न्हाईतर मोटरीच्या मालकाच्या मुनीमाला. मधी पुरुषांना बाक. आणि बायांना फळ्या मारून बंद केलेलं खोकं, एका खिडकीला जाड पडदा आणि मागच्या कोपऱ्यात दार. ते दार निघताना बाहेरून तारेनं बांधायचे. का, तर बायामाणसं पडू नयेत. अहो, मंग आतून कडी लावा की. कोंबड्यांच्या खुराड्याला सुद्धा लोक नीट कडी लावतात.

पूर्वी जनान्यात एक दोरी होती. ती छताखालून पुढं गेलेली आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी पितळी घंटी. बाईला गाडी थांबवायची असली की दोरी ओढायची. मुनीमानं दोरी अन् घंटी दोन्ही काढून टाकली. बाया उगीच वाजवतात म्हणे. लेकराला लघवीला लागली की वाजवतात, कुणाला मळमळलं की वाजवतात. मंग कशाला वाजवायची, आरतीला? ती घंटी त्यानं जालन्याला मोंढ्यात, म्हंजे धान्याच्या बाजारात, ऑफिसाच्या खांबाला ठोकली आणि मोटर सुटायच्या आधी तीच वाजवून पासिंजर गोळा करायचा. हे घडलं त्या दिवशी बी त्यानं ती आमच्या डोळ्यांदेखत वाजवली आणि मंग येऊन गादीवर बसला. घंटी खांबालाच राह्यली. हे मी बघितलं.

गया घनसावंगीकडं दिलेली. पहिलटकरीण होती, दिवस भरत आल्ते. तिला माहेरी बाळंतपणाला आणायला मी गेल्ते. जालन्याला मोटर बदलली. जनान्यात आम्ही दाटीवाटीनं बसलो. आमच्यात टेंभुर्णीची एक म्हातारी होती, सगळ्या तिला मावशी म्हणत होत्या. तिनं गयाचं पोट बघितलं अन् कामाला लागली. पोटुशीला वारं लागू नये, हे आमच्याकडं बारकी पोर बी सांगती. मावशीनं पडद्याच्या कडा फळीत खोचायला लावल्या. दाराच्या फटीत स्वतःची गोधडी कोंबली. मायेनंच केलं हो. आम्हालाही ते बराबरच वाटलं.

राजूर सोडलं तेव्हा गया म्हणली, "आक्का, डोकं फुटून राह्यलंय."

मावशी म्हणली मोटर लागली, लिंबू हुंगव. हुंगवलं. मंग दुसरीचंही डोकं धरलं, तिसरी भिंतीला टेकून पेंगायला लागली. भट्टीचा विषारी गॅस फळ्यांतून आत झिरपत होता, पण धूर दिसत न्हाई, घाण वास न्हाई, मंग कुणाला काय कळावं? मावशीचं बोलणं सुद्धा हळूहळू बंद पडलं. माझ्या मनात आलं, गोधडी काढावी. पण हात जड झालेले, दारापर्यंत पोचंनात. मी फळीवर मुठी मारल्या. पलीकडं सरकीची पोती छतापर्यंत रचलेली. कोण ऐकणार? माझ्या मांडीवर गयाचं डोकं होतं. तिला चिमटा घेतला... हूं न्हाई का चूं न्हाई. पोटावर हात ठेवला. आतलं लेकरू घनसावंगीपासून लाथा मारत होतं, ते गप्प होतं.

इथून पुढचं मी कसं सांगू? मी हात वर केला — आणि हातात दोरी आली. अंबाडीची, तळव्याला टोचणारी, टोकाला गाठ मारलेली. मी ती जीव खाऊन ओढली. पुढचं काही आठवत न्हाई.

डोळे उघडले तर मी बाभळीखाली होते. तोंडावर पाणी मारलेलं. उस्मानभाईंनी पक्कडीनं तार तोडून आम्हा सगळ्यांना बाहेर काढल्तं. गया शेजारी पडलेली, मावशी ओल्या पदरानं तिची छाती पुसून राह्यली होती. बऱ्याच वेळानं गयानं मोठा श्वास ओढला अन् खोकली. मंग तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला. लेकरानं ढुशी दिली. मी तिथंच ओक्साबोक्शी रडले.

आणि मुनीम? मुनीम टाईमचं बोलत होता! गाडीला टाईम आहे, साहेब लोक वाट बघतात, बाया काय, रोजच मूर्च्छा येऊन पडतात. मंग उस्मानभाईंवर घसरला — कुणाला विचारून मधीच मोटर थांबवली?

उस्मानभाई म्हणले, "घंटी वाजली. जनान्याची घंटी वाजली की थांबायचं, मला एवढंच ठावं."

"घंटी मोंढ्यात खांबाला हाय. तुझ्या कानात काय जिन बसला का रे?"

"बसला असंल, मुनीमजी. पण त्याला तुमच्याहून जास्ती अक्कल दिसती."

पुरुष पासिंजर हसले. मुनीमाला ते झोंबलं. जाफराबादला उतरल्या-उतरल्या त्यानं उस्मानभाईंना कामावरून काढलं, खोटं बोलून मोटर थांबवली म्हणून. भर अड्ड्यावर त्यांचा अपमान केला. त्यांनी गयाला बैलगाडीत बसवायला हात दिला, गाडीत कडबा नीट पसरला का ते बघितलं अन् पायी निघून गेले.

निघायच्या आधी मी जनान्यात वाकून बघितलं. छताला नुसतं भोक होतं, दोरी गेलेली त्या जागेचं. दोरीचा तुकडा सुद्धा नव्हता.

गावात म्हणले, देवीनं वाजवली. आमचे हे म्हणतात, ड्रायव्हरच्या कानाला जुनी सवय. मंग माझ्या हाताला कशाची सवय? मी तर अशी दोरी कधी ओढलीच नव्हती. मावशीला विचारलं तर ती कानावर हात ठेवती.

पण एक विचारते. देवीनं वाजवली म्हणून लोकांनी जाफराबादच्या अड्ड्यावर नारळ फोडले. मालकानंही फोडला. नारळ फोडायला हात पुढं येतो, मंग दोरी बांधायला का येत न्हाई? परवा गावाकडून निरोप आला — जनान्याचं दार अजून तारेनंच बांधतात. म्हंजे पुढच्या गयाला बी देवानं न्हाईतर भुतानंच वाचवायचं का? माणसानं काहीच करायचं न्हाई?

गयाला मुलगी झाली. ठणठणीत आहे, आता दुडूदुडू पळती.

उस्मानभाई कामासाठी वरंगळकडं गेले असं ऐकलं. सोबत त्यांची बिनआईची मोठी लेक आहे म्हणे, लग्नाची. हे कुणी त्यांना वाचून दाखवलं तर बरं होईल. उस्मानभाई, तुमच्या लेकीचं लग्न झालं, तिला दिवस गेले की हैदराबादला माझ्याकडं धाडा. खोली लहान आहे, पण खिडकी मोठी आहे. तिचं बाळंतपण मी माझ्या हातानं करीन. कोण काय म्हणंल ते मी बघून घेईन.