अर्धी गोळी

डोस दोनदा वाढवूनही आईचं बीपी उतरेना. हिंगणघाटचे फिजिशियन विचारायचे, "गोळी रोज घेता ना?" आई ठणकावून सांगायची, "एक दिवस चुकत नाई."

एका सकाळी मी पाहिलं, ती गोळी मोडून अर्धी शेजारच्या काकूंना द्यायला निघाली होती.

"तिलेही चक्कर येते. तिले कोन नेते डॉक्टरकडं?"

माझं डोकंच फिरलं. मी काकूंनाच त्या फिजिशियनकडे नेलं. त्यांना बीपी नव्हतंच, अंगात रक्त कमी होतं. आमच्या गोळीनं चक्कर उलट वाढत गेली होती. डॉक्टरांनी ती गोळी बंद करायला सांगितली.

परतताना एसटीत काकू रडवेल्या झाल्या. "मंग आता तुई माय रोज काऊन येईन माह्याकडं?"