पायपुसण्यावरचा प्रश्न

काका कुणाच्याही घरी गेले की आधी पायपुसण्यावर उभे राहायचे. बूट पायात, नातीचा हात हातात. घरातली बाई "या ना, या ना" करत असायची आणि हे विचारायचे, "घरात बंदूक आहे का? असली तर कुलपात आहे का?" उत्तर मिळालं की मगच बूट निघायचे.

आता तुम्हीच सांगा, असा पाहुणा कुणाला आवडेल? आम्ही अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातली मराठी माणसं एकमेकांना फार तर विचारतो, अंडं चालतं का, मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का. बंदूक ही गोऱ्या शेजाऱ्यांची भानगड, अशी आमची पक्की समजूत. काकांचा तिच्यावर विश्वास नव्हता. त्यांचा कशावरच नव्हता म्हणा. दुधाच्या कॅनवरची तारीखसुद्धा ते दोनदा बघायचे.

रविवारच्या मराठी शाळेत ते शिकवायचे. एकदा माझी सई घरी आली तीच हात खिशात घालून. "काकांनी शिकवलं. गन दिसली की हॅन्ड्स इन पॉकेट्स, खोलीच्या बाहेर जायचं आणि मोठ्यांना सांगायचं." मी तडक फोन लावला.

"काका, आठ वर्षांच्या पोरांना हे कशाला? बाराखडी शिकवा की!"

"बाराखडी पुढच्या रविवारीही शिकता येते," ते म्हणाले.

मला वाटलं, नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. यांच्या घरात काहीतरी घडलेलं असणार. मी चार जणींकडे चौकशी केली. कुणालाच काही माहीत नाही. शेवटी त्यांनाच विचारलं, तर म्हणाले, "विचारायला आधी काही घडायला पाहिजे का गं?" माझा संशय काही गेला नाही.

मग एका शनिवारी दुपारी नातीला खेळायला घेऊन ते आमच्याच दारात. पायपुसणं, बूट, प्रश्न. मी हसले. "छे हो काका, आमच्याकडे कुठली बंदूक!"

होती. आमच्या रस्त्यावर दोन गाड्यांच्या काचा फुटल्या, तेव्हा नवऱ्याने आणली होती. कपाटात वरच्या फळीवर, रजयांखाली, बुटांच्या खोक्यात. मला सांगायची लाज वाटली, दुसरं काही नाही. काकांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि बूट काढले.

चहाचा पहिला घोट घेतोय तोच दोघी जिन्यावरून खाली आल्या. तंबू करायला त्यांनी रजया ओढल्या होत्या, त्यांच्याबरोबर खोकंही खाली येऊन उघडलं होतं. दोघींचे हात खिशात. सई सरळ काकांसमोर जाऊन उभी राहिली. "देअर्स अ गन इन बाबाज क्लॉझेट. वी डिडन्ट टच इट." मी तिची आई, तिथेच बसले होते. तिने सांगितलं ते त्यांना.

"शाब्बास गं पोरींनो," काका म्हणाले. निघताना बूट घालत ते एवढंच म्हणाले, "उत्तर बदललं की फोन कर."

ते गेल्यावर नवऱ्याने बंदूक उघडून पाहिली. भरलेली होती. मी तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी लोखंडी तिजोरी आली आणि मी फोन केला. काका आले ते पुन्हा पायपुसण्यावरच थांबले. तोच प्रश्न, जणू पहिल्यांदाच विचारतायत.

"आहे काका. कुलपात आहे. गोळ्या वेगळ्या ठेवल्यात."

तेव्हा बूट निघाले.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मला त्यांची फार आठवण येते, पण याचीही त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली असती.

परवा सईला घेऊन नव्याने राहायला आलेल्या एका कुटुंबाकडे गेले होते. पायपुसण्यावर उभी राहून मी विचारलं. कानशिलं नुसती तापली होती.

"अय्या, आमच्याकडे कुठली बंदूक!" ती हसली. अगदी मी हसले होते तश्शी.

सईचा एक बूट काढून झाला होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तो परत पायात घातला.