लुकमास्तर

लुकमास्तरांना इंग्रजी बोलता येत नसे. सलग चार वाक्यं बोलायची वेळ आली की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. तरी आमच्या शाळेतली मुलं इंग्रजी शिकली ती त्यांच्याकडूनच, आणि नागपूरहून बी.ए. होऊन आलेल्या मला ही गोष्ट गिळता येत नव्हती.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, उंद्रीच्या पुढे, शाळा पत्र्याची. लुकमास्तर देऊळघाटच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले, मॅट्रिक होऊन ट्रेनिंग केलेले. खालचे वर्ग त्यांच्याकडे, आठवीपासून पुढचं इंग्रजी माझ्याकडे. 'लुक' या एका शब्दावर ते दोन-दोन आठवडे काढत, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं. ते वर्गात सांगत, "पोरायहो, हा शब्द मंजे सासुरवाशीण आहे. शेजारी कोण उभं आहे, त्याच्यावर तिचं वागणं ठरते. 'अ‍ॅट' असला तर पाहते, 'फॉर' असला तर शोधते, 'आफ्टर' असला तर सांभाळते."

शाळेमागे त्यांनी वांगी लावली होती. तास तिथेच भरायचा. पानांखालचं वांगं हुडकायचं म्हणजे 'लुक फॉर', वाफ्याला पाणी द्यायचं म्हणजे 'लुक आफ्टर'. मी खिडकीतून बघायचो. वळून पाहिलं तर माझा सगळा वर्गही तिकडेच बघत असायचा.

एकदा शिक्षकांच्या खोलीत ते माझ्यापाशी आले. "सर, 'लुक डाउन ऑन' मंजे तुच्छ मानणं, हे मले नीट समजलं नाही. खाली तं माणूस विहिरीतही पाहते. मग हे वाईट काऊन?"

मी वर न बघताच म्हणालो, "तुमच्या वर्गाला त्याची गरज नाही."

"हाव," ते म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहून घेऊन गेले.

मग बुलढाण्याहून तपासणीला साहेब आले. माझ्या नववीनं व्याकरणाच्या व्याख्या घडाघडा म्हणून दाखवल्या. साहेबांनी जांभई दिली. लुकमास्तरांच्या सातवीत त्यांनी 'लुक आफ्टर' वाक्यात वापरायला सांगितलं. कमल नावाची एक किरकोळ मुलगी उठली आणि म्हणाली, "माय ग्रँडमदर इज ब्लाइंड. शी लुक्स आफ्टर मी."

साहेबांनी तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. जाताना हेडमास्तरांना म्हणाले, "जूनपासून नववीचं इंग्रजी ह्या मास्तरांना द्या."

त्या आठवड्यात मी शाळेच्या चिटणिसांना एक पत्र पाठवलं. इंग्रजीत, टाइप करून, खाली सही नाही. मास्तर पोरांना स्वतःच्या वांग्यांत राबवतात, असं त्यात लिहिलं होतं. मुलं वाफ्यात राबत होती, एवढं तर खरंच होतं. त्यामुळे लिहिताना हात अडखळला नाही.

चिटणिसांनी तक्रारीची नक्कल जोडून त्यांच्याकडून खुलासा मागवला. दोन्ही कागद घेऊन लुकमास्तर संध्याकाळी माझ्याच घरी आले. "उत्तर इंग्रजीत लिहिलं सर. तेवढं तपासून द्या."

मी लाल पेन्सिल घेऊन बसलो. चूक सापडावी म्हणून तीनदा वाचलं. साधी, आखूड वाक्यं होती. एकही चूक नव्हती. मी तसं सांगितलं.

त्यांनी कागदाची घडी घातली. "तक्रारीचं इंग्रजी लय साजरं आहे सर. आपल्या शाळेत असं लिहिणारा एकच माणूस आहे."

आवाजात राग नव्हता. माझ्या बायकोनं चहा आणला. तो त्यांनी सावकाश संपवला, "येतो वहिनी," म्हणाले आणि निघून गेले.

ते उत्तर त्यांनी पाठवलंच नाही. राजीनामा दिला आणि खामगावच्या एका तेलगिरणीत कारकुनी धरली. नववी माझ्याकडेच राहिली.

निरोपाचं भाषण हेडमास्तरांनी मलाच करायला सांगितलं. मी पाऊण तास बोललो, चांगलं बोललो. मग लुकमास्तर उठले. पुढे बसलेल्या पोरांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "मले भाषण येत नाही," ते म्हणाले. "ह्या सरांनी माझं इंग्रजी तपासलं, आन् त्यात एकबी चूक काढली नाही. एवढं मी घेऊन जाऊन राह्यलो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.