दोन दारं आणि एक वीट

मिरचीच्या पानाची वरची बाजू बघून कोणालाच काही कळत नाही, पान उलटं करावं लागतं. आमच्या पॉलीहाऊसचंही तेच. वरून सगळं हिरवंगार, फोटो काढण्यासारखं, आणि जरा उलटून बघितलं की नुसती वळवळ. तीन वर्षांत माझ्याकडे इतके किस्से साठलेत की चहाच्या टपरीवर मिरचीचा भाव कोणी विचारत नाही. "आज का केलं तुमच्या गजूभाऊनं?" एवढंच विचारतात.

वरून प्लास्टिक ताणलेलं हे पॉलीहाऊस ब्रह्मपुरीहून वडशाला जाताना लागायचं. मालक गजूभाऊ. घरचा धंदा धानाचा, पण ताडोब्याजवळच्या मोहर्लीच्या रिसॉर्टवाल्यांना लाल-पिवळी शिमला मिरची लागते असं कोणीतरी त्यांच्या कानात घातलं आणि झालं. मी तिथला सुपरवायझर, म्हणजे ज्याचं कोणी ऐकत नाही तो. खरं काम सहा बाया करायच्या. त्यांच्यात मोठ्या पारबताबाई.

पहिलं पीक फुलकिड्यांनी खाल्लं तेव्हा गजूभाऊंनी आम्हाला उभं करून सांगितलं, "हे दुसरं बी गेलं त मी प्लास्टिक काढून टाकतो अन् लग्नाचं लॉन करतो." धानाची रोवणी संपल्यावर या सहा जणींना बारमाही काम देणारी आसपास दुसरी जागा नव्हती. तेव्हा दुसरं पीक वाचणं किती जरुरी होतं ते समजून घ्या.

*

पॉलीहाऊसला एकामागे एक अशी दोन दारं असतात. पहिलं लावायचं, मगच दुसरं उघडायचं, म्हणजे बाहेरचे किडे आत शिरत नाहीत. शाळेतल्या पोराला कळेल अशी गोष्ट आहे. गजूभाऊ आले की बाहेरच्या दारात त्यांची मोटारसायकल आणि आतलं दार मिटू नये म्हणून त्याला एक वीट.

मी म्हटलं, "भाऊ, दार लावा. किडे येतात."

"अरे, आले त जातीन बी ना. दार उघडंच हाय."

मी ती वीट बांधावर फेकून दिली. दुसऱ्या दिवशी ती परत दारात होती.

*

आत आम्ही पिवळे चिकट सापळे टांगले होते. पिवळा रंग दिसला की पांढरी माशी त्यावर झेपावते आणि चिकटून बसते. पारबताबाई रोज सकाळी त्या माश्या मोजायच्या आणि खांबावर कोळशानं रेघा ओढायच्या. किडा वाढला की घटला, ते रेघांवरून कळायचं.

एक दिवस तालुक्याचे शेती खात्याचे साहेब बघायला येणार होते. सापळे माश्यांनी गच्च भरलेले. गजूभाऊंनी सकाळीच ते पेट्रोलनं पुसून चकचकीत केले. चिकटपणाही गेला.

साहेब खूश. "एकही माशी नाही. काय मारलं?"

"पेट्रोल," गजूभाऊ अभिमानानं म्हणाले.

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

*

औषधाच्या दुकानदाराला आमच्याकडे डॉक्टर म्हणतात. त्यानं पीक कधी पाहिलं नाही, फोनवर फोटो पाहून चार औषधं एकाच पंपात घालायला सांगितली. गजूभाऊंनी घातली. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा जळाल्या.

मी दुकानात गेलो. "पानं जळली."

"अन् किडे?"

"किडे आहेत."

"मंग औषध बरोबर हाय. डोस कमी पडला."

*

रिसॉर्टवाल्यांनी एकदा आपले पाहुणे आणले. सकाळी ताडोब्यात वाघ बघून आलेले. त्यातल्या एक मॅडम मिरचीवर माव्याचे किडे बघून किंचाळल्या आणि नवऱ्याच्या मागे लपल्या.

पारबताबाईंनी तो मावा बोटानं चिरडला आणि म्हणाल्या, "वाघ पाहाले हौसेनं जाता न बाई, अन् ह्याले भेता?"

*

शेवटी मी हट्ट करून मित्रकीड मागवली. हे किडे पिकाला हात लावत नाहीत, पिकावरचे किडे खातात. डबा एसटीनं ब्रह्मपुरीला आला. गजूभाऊंना समजेना. "किडे विकत आणले? आपल्या इथी का कमी होते?" तरी डबा हातात धरून त्यांनी फोटो मात्र काढून घेतला. सकाळी आम्ही ते किडे सोडले.

दुपारी मी जेवून आलो तर आत फवाऱ्याचा वास.

"तू नव्हता," गजूभाऊ म्हणाले, "पानावर नवीनच किडे दिसले. मी मारून टाकले."

दुसऱ्या डब्यातले किडे मी गजूभाऊंना न दाखवताच सोडले. पारबताबाई आठ दिवस फवारणीच्या पंपावर बसून भाकर खात होत्या. बाकीच्या पाच जणी पानांच्या खालची बाजू पाण्यानं धुवायच्या, किडके शेंडे खुडून पिशवीत बांधून बाहेर न्यायच्या. खांबावरच्या रेघा कमी होत होत चारवर आल्या. मिरच्या रंगावर आल्या. खरं सांगतो, रोज तो खांब बघून मला पोट भरल्यासारखं वाटायचं.

*

आणि मग गजूभाऊंच्या पुतण्याचं लग्न निघालं.

हळदीचा कार्यक्रम आटोपून चाळीस-पन्नास माणसं फोटो काढायला थेट पॉलीहाऊसला आली. सगळी पिवळ्या कपड्यात. गाड्या लावल्या शेजारच्या वांग्याच्या वावरात, जिथे पांढरी माशी उधळत होती. वावरातून चालत दारापर्यंत आली तोवर नवरदेवाचा कुर्ता आमच्या सापळ्यासारखा झाला होता.

पारबताबाई दारात हात पसरून उभ्या राहिल्या. "पाहुणे, कपडे झटकून घ्या. एक एक जण या."

"अवो बाई, शुभ कार्य हाय," गजूभाऊ म्हणाले आणि त्यांनी दाराला वीट लावली.

तीन आठवड्यांत पानं मुरडली, मिरच्यांवर काळी बुरशी चढली. मी रोगट झाडं उपटत होतो आणि गजूभाऊंना मनातल्या मनात शिव्या घालत होतो. प्लास्टिक उतरलं. सहा जणींचं काम गेलं, माझंही.

शेवटच्या दिवशी आम्ही विळे आणि बादल्या जमा करायला गजूभाऊंच्या ऑफिसात गेलो. भिंतीवर हळदीचा मोठा फोटो. मधे नवरदेव, मागे लालभडक मिरच्या. कुर्त्यावर मात्र एकही माशी नाही.

"फोटोवाल्यानं कम्प्युटरवर सगळ्या काढून टाकल्या," गजूभाऊ म्हणाले. "एक बी ठेवली नाई. हुशार माणूस हाय."

पारबताबाईंनी फोटोच्या काचेवर बोट ठेवलं. "किडा नाई, मिरची बी लाल हाय. मंग उद्यापासून आमी सहा जणी इथीच कामाले येतो ना भाऊ?"

गजूभाऊ फोनमध्ये लॉनच्या मंडपाचे रंग बघत होते. आम्ही निघालो तेव्हा मान वर न करता म्हणाले, "जाताना दार लावून घ्या बाई. माश्या येतात आत."

पारबताबाई बाहेर गेल्या. पॉलीहाऊसच्या दाराशी पडलेली वीट उचलून परत आल्या, ऑफिसच्या उघड्या दाराला नीट टेकवून ठेवली आणि घरी गेल्या.